वजन एकीकडे, अंतर एकीकडे

रत्नागिरी,
नवरात्रातला रविवार

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

तू रात्री उशिरा पाठवलेला निरोप सकाळी वाचला. जानेवारीतल्या ४२ किलोमीटरच्या मॅरेथॉनसाठी तू नाव नोंदवले आहेस, वजनाचा काटा गणपतीच्या आधीपासून ७८ वर अडून बसला आहे, आणि आता रविवारचे अंतर वाढवू की रात्रीचा भात बंद करू, असे तू विचारतेस. त्यातच नवरात्राचे उपवास चालू आहेत आणि उपवासातच परवा १८ किलोमीटर धावलीस, हे तू ज्या अभिमानाने लिहिले आहेस, तो वाचून मला पहिल्यांदा राग आला आणि मग काळजी वाटली. मीही घट बसवते. पण देवी उपवास मागते, उपाशीपोटी १८ किलोमीटर मागत नाही.

भात बंद करायचा नाही आणि अंतरही वाढवायचे नाही, हे माझे उत्तर. वजन एकीकडे, अंतर एकीकडे. या दोन गोष्टी एकाच महिन्यात, एकाच शरीराकडून वसूल करायच्या नसतात.

तू दिवसभर बँकेत दुसऱ्यांचे हिशेब तपासतेस, म्हणून हिशेबच मांडते. धावताना माणूस ढोबळमानाने दर किलोमीटरला आपल्या वजनाच्या दर किलोमागे एक किलोकॅलरी खर्च करतो. ७८ किलो वजनाने २१ किलोमीटर धावले, तर सोळाशे-साडेसोळाशे किलोकॅलरी खर्च होतात. एक किलो चरबीत सुमारे ७,७०० किलोकॅलरी असतात. म्हणजे पहाटे चारला उठून तीन तास घाम गाळल्यावर, सगळी ऊर्जा चरबीतूनच आली असे धरले तरी, जळते ती जेमतेम दोनशे ग्रॅम. आणि प्रत्यक्षात ती सगळी चरबीतून येतच नाही, कारण स्नायूंत आणि यकृतात साठवलेले ग्लायकोजेन, म्हणजे भात-भाकरीतून झालेला साखरेचा साठा, आधी उचलले जाते. घरी आल्यावर काटा दीड-दोन किलो खाली दिसतो, ते पाणी असते आणि ते सोमवारी परत येते. शिवाय ग्लायकोजेन आपल्याबरोबर दर ग्रॅमला सुमारे तीन ग्रॅम पाणी धरून ठेवते, त्यामुळे सराव वाढला आणि साठा वाढला की काटा उलट वर सरकतो. मध्यंतरी ज्या किलोभर वाढीवर तू रडलीस, ती बहुधा सरावाची कमाई होती. बँकेत असून एवढी बेरीज-वजाबाकी तुला करता येऊ नये?

या मोठ्या शर्यती निघाल्या कशा, तेही पाहा. पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस ही बाराशे किलोमीटरची सायकलफेरी १८९१ मध्ये सुरू झाली, ती सायकल हे भरवशाचे वाहन आहे हे दाखवण्यासाठी. दक्षिण आफ्रिकेतली सुमारे नव्वद किलोमीटरची कॉम्रेड्स १९२१ मध्ये व्हिक क्लॅपहॅम यांनी सुरू केली, ती महायुद्धात पडलेल्या सैनिकांच्या स्मरणार्थ. आयर्नमॅन १९७८ मध्ये हवाईत सुरू झाली, ती पोहणारा, सायकल चालवणारा आणि धावणारा यांत सर्वांत दमदार कोण, या वादातून. चरबी उतरवण्यासाठी यांपैकी एकही निघालेली नाही. कॉम्रेड्सला बारा तास, आयर्नमॅनला सतरा तास, पॅरिस-ब्रेस्टला नव्वद तास अशा वेळेच्या मर्यादा आहेत. त्या पाळल्यास का, एवढेच शेवटी पाहतात. तिथे काटा घेऊन कोणी उभे नसते. तो आपणच घरून नेतो.

आता जे तू लिहिले नाहीस, ते विचारते. पाळी वेळेवर येते का? तुझी आई विचारायला धजणार नाही, तुझ्या त्या मोबाइलवरच्या प्रशिक्षकाला सुचणार नाही, म्हणून मी विचारते. नडगी दुखते, असे मागे म्हणाली होतीस. खर्चाच्या मानाने खाणे कमी पडले की शरीर आधी प्रजननाचे काम आखडते घेते, मग हाडांकडे दुर्लक्ष करते, आणि हाडाला बारीक चीर पडेपर्यंत आपल्याला पत्ता लागत नाही. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने २०१४ मध्ये या ऊर्जेच्या तुटीवर स्वतंत्र निवेदन काढले आणि ती पुरुषांनाही होते, हे त्यात स्पष्ट केले. ही तूट केवळ काटकुळ्या धावपटूंना होते, असा समज करून घेऊ नकोस. ७८ किलोच्या अंगातही रोजचा पुरवठा अपुरा पडू शकतो, कारण साठा भरलेला असणे वेगळे आणि रोजची गरज रोज भागणे वेगळे.

मी इतक्या हट्टाने का बोलते, हे तुला कळावे म्हणून थोडे माझे सांगते. १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमधले पी. टी. उषाचे सेकंदाच्या शंभराव्या भागाने हुकलेले कांस्यपदक आमच्या पिढीतल्या प्रत्येकाला आठवते. त्याच लॉस एंजेलिसला बायकांची मॅरेथॉन ऑलिम्पिकमध्ये प्रथमच धावली गेली, हे मात्र मला फार उशिरा कळले. मी तेव्हा कॉलेजात होते आणि लांब धावणे मुलीच्या जातीला झेपत नाही, हे आम्हाला शास्त्र म्हणून ऐकवले जाई. पुढची वर्षे नोकरी, मुले आणि सासूबाईंचे आजारपण यांत गेली. त्या वर्षांची खंत आहे आणि राहील. चाळिशी उलटल्यावर साडीची पिशवी सायकलला अडकवून भाट्याच्या पुलावर जायला लागले, तेव्हा पहिला प्रश्न प्रत्येकाने एकच विचारला: किती किलो उतरले? कोणी विचारले नाही, किती लांब गेलीस? आजही माझे पोट सुटलेलेच आहे, आणि आजही माझ्या निम्म्या वयाच्या पोरांना मी आरे-वारेच्या चढावर मागे टाकते. ही फुशारकी वाटत असेल, तर वाटू दे.

एका मॅरेथॉनमध्ये मी तिसाव्या किलोमीटरच्या पुढे स्वतःहून बाहेर पडले, ती गोष्ट तुझ्या कानावर आली असणारच, कारण गावात ती अजून चवीने सांगतात. ऊन तापले होते, हवेत वाऱ्याची झुळूक नव्हती, आणि भर उकाड्यात माझ्या दंडांवर शहारे आले. उन्हात थंडी वाजणे हा उष्णता चढत असल्याचा इशारा असतो. मी रस्त्याच्या कडेला सावलीत बसले, नंबराचा कागद काढला आणि गाडीतून परत आले. "आणखी थोडे तर राहिले होते, चालत तरी जायचे," असे म्हणणारे तेव्हाही होते. मी तेव्हाही बरोबर होते आणि आजही आहे. सोमवारी मी शाळेत फळ्यासमोर उभी होते. हे जमले नसते, तर त्या पदकाला मी कुठे टांगले असते?

आपल्या किनाऱ्यावर हा इशारा फार लवकर येतो. घाम कितीही गळला तरी दमट हवेत तो वाळत नाही, आणि न वाळलेल्या घामाने अंग थंड होत नाही. पुण्यातल्या मैत्रिणीचा वेग पाहून तू इथे धावू नकोस. आणि नुसते पाणीही ढोसू नकोस. २००२ च्या बॉस्टन मॅरेथॉनमध्ये तपासलेल्या ४८८ धावपटूंपैकी १३ टक्के लोकांच्या रक्तात सोडियम कमी आढळले, आणि शर्यतीत ज्यांचे वजन वाढले त्यांना धोका अधिक होता, म्हणजे गरजेपेक्षा जास्त प्यालेल्यांना. तहान लागेल तसे प्यावे. लांबच्या दिवशी कोकमाच्या आगळात साखर आणि चांगले चिमूटभर मीठ घालून न्यावे. निघण्यापूर्वी तासभर उकड्या तांदळाची पेज मिठासकट प्यावी. धावताना चोखायच्या गोड परदेशी जेलची पाकिटे मागवण्यापूर्वी आजीला विचार, शेतावर जाणाऱ्याला पहाटे काय देत असत. भात बंद करायला निघाली होतीस, तो हाच भात.

नडगीसाठी काही दिवस डांबर सोड आणि भाट्याच्या पुळणीवर ये. पण वेळ पाहून ये. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते, हे आपल्याकडे मच्छीमाराच्या पोरालाही ठाऊक असते. अष्टमीला भरती सहाच्या सुमारास येते, म्हणजे सकाळी कडक ओली वाळू पाण्याखाली आणि तुझ्या वाट्याला वरची भुसभुशीत. त्या वाळूत धावायला दीडपटीहून जास्त ताकद लागते आणि पोटऱ्या ओढल्या जातात. अमावास्या-पौर्णिमेच्या आगेमागे भरती अकरा-साडेअकराला, म्हणजे पहाटे साडेपाचच्या सुमारास ओहोटी. तेव्हा पाण्यालगतचा पट्टा पावलाचा ठसा जेमतेम उमटेल इतका घट्ट असतो. पुळण समुद्राकडे उतरती असते, म्हणून जितके जाशील तितकेच त्याच पट्ट्याने परत ये, नाहीतर एकच पाय सतत खालच्या बाजूला पडतो आणि कंबर धरते.

वजन उतरवायचे नाही, असे मी म्हणत नाही. तुझ्या वडिलांना साखरेचा आजार आहे, तेव्हा उतरवायलाच हवे. पण त्याचा हंगाम पावसाळा. आषाढ-श्रावणात रस्ते शेवाळलेले असतात, शर्यती नसतात. तेव्हा ताटातला भात थोडा कमी आणि कुळीथ, अंडी, बांगडा थोडे जास्त, घरात उठाबशा आणि वजने उचलणे, धावणे जेमतेम पाच-सहा किलोमीटर, आणि महिन्याला दीड-दोन किलोवर समाधान. दसरा उलटला की काटा कपाटावर आणि पोटभर जेवून अंतर. एकाच वेळी दोन्ही करता येते, असे सांगणारे तुला भेटतील, त्यांची छायाचित्रेही सुरेख असतील. ऐकू नकोस. वजन एकीकडे, अंतर एकीकडे.

जानेवारीचे ४२ बदलून २१ करून मिळते का, हे आयोजकांना आजच विचार. नाही म्हणाले, तर पैसे बुडू देत. दम महिन्याभरात वाढतो, पण हाडे आणि स्नायुबंध त्याच्या मागून फार सावकाश येतात, आणि तुझे दोन-तीन महिने या उपासमारीत गेले आहेत. या आठवड्यात हिमोग्लोबिन, फेरिटिन (अंगातला लोहाचा साठा), थायरॉइड आणि ड जीवनसत्त्व यांची तपासणी करून घे, आणि नडगीवर बोटाने दाबल्यावर एकाच जागी टोचल्यासारखे दुखत असेल, तर धावणे थांबवून हाडांच्या डॉक्टरांना दाखव. कागद आले की बुधवारी संध्याकाळी घरी ये. मी घावणे करीन, आणि तू ती मोजून खायची नाहीस.

तुझी,
काकू