कात अडकली, तर ओढू नका

प्रश्न : आम्ही टोरोंटोत राहतो. मुलाच्या हट्टापायी तीन वर्षांपूर्वी बॉल पायथन जातीचा एक साप घरात आला आणि आता मुलगा कॉलेजसाठी बाहेरगावी गेल्यामुळे त्याची देखभाल माझ्याकडे आली आहे. त्याला काचेच्या टाकीत ठेवले असून वर जाळीचे झाकण आणि उबेसाठी दिवा आहे. उन्हाळ्यात त्याची कात अखंड निघते. परंतु या जानेवारीत ती तुकड्यातुकड्यांनी निघाली. शेपटीच्या टोकाला काही कडी अजून चिकटून आहेत आणि डाव्या डोळ्यावर पापुद्रा राहिल्यासारखा दिसतो. सासूबाई खोबरेल तेल लावायला सांगतात, मला चिमट्याने पापुद्रा काढावासा वाटतो. काय करावे?

उत्तर : प्रथम चिमटा ठेवून द्यावा. सापाला पापण्या नसतात. त्याच्या डोळ्यावर त्वचेचाच एक पारदर्शक खवला असतो आणि त्याचा वरचा थर दर वेळी कातीबरोबर निघून येतो. जुना थर खरोखरच राहिला असला, तरी त्याला लागूनच खाली नवा, जिवंत खवला असतो. चिमट्याचा किंवा नखाचा ओढा त्या खवल्याला बसला, तर डोळा उघडा पडून कायमचा जाऊ शकतो. शिवाय आपल्याला दिसतो तो पापुद्राच आहे, याचीही आधी खात्री करून घ्यावी. टाकीतले कातीचे तुकडे टाकून दिले नसतील, तर डोक्याकडचा तुकडा ओला करून उजेडात धरावा. डोळ्यांच्या जागी घड्याळाच्या काचेसारखे दोन बारीक, फुगीर गोल दिसले, तर दोन्ही थर निघालेले आहेत. मग डोळा निस्तेज दिसण्याचे कारण वेगळे असेल आणि ते डॉक्टरांनीच पाहावे.

आता मूळ कारणाकडे वळू. आपल्या सापाला बहुधा काही झालेले नाही. दोष टाकीतल्या हवेचा आहे. बॉल पायथन मूळचा पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला. तिथे तो दिवसाचा बराच वेळ उंदीरवर्गीय प्राण्यांच्या बिळांत किंवा वारुळांत काढतो आणि बाहेर कोरडे असले, तरी त्या बिळात दमटपणा टिकून असतो. टोरोंटोच्या हिवाळ्यात बाहेरची गोठलेली हवा घरात तापवली जाते, तेव्हा तिची सापेक्ष आर्द्रता कित्येकदा तीस टक्क्यांच्याही खाली उतरते. त्यात वरचा दिवा आणि उघडी जाळी उरलासुरला ओलावा घेऊन जातात. कात टाकण्यापूर्वी जुन्या आणि नव्या थरांच्या मध्ये एक द्रव साचतो. त्याच दिवसांत अंग मळकट दिसते आणि डोळे निळसर-दुधी होतात. पुढे डोळे पुन्हा स्वच्छ होतात आणि त्यानंतर साधारण दोन ते चार दिवसांनी साप ओठांची कड खरखरीत वस्तूवर घासून मोजा उलटा काढावा तशी कात उतरवतो. हवा फार कोरडी असली किंवा सापाच्या अंगातच पाणी कमी असले, तर थर नीट सुटे होत नाहीत आणि कात फाटते.

म्हणून टाकीत काटा असलेल्या स्वस्त मापकाऐवजी डिजिटल आर्द्रतामापक ठेवावा आणि आकडा एरवी साठ टक्क्यांच्या आसपास, डोळे दुधी झाल्यापासून सत्तरपर्यंत राहील असे पाहावे. जाळीचा दोन-तृतीयांश भाग दिव्याची जागा सोडून अॅल्युमिनियम फॉइलने झाकला, तरी मोठा फरक पडतो. झाकणाचा एक प्लास्टिकचा डबा घेऊन, त्याला साप सहज शिरेल एवढे भोक पाडून, आत पिळून काढलेले ओलसर स्फॅग्नम मॉस, म्हणजे ओल धरून ठेवणारे शेवाळ, भरावे. हे त्याचे बीळ झाले. एखादे खडबडीत लाकूडही ठेवावे. डोळे दुधी असतात त्या दिवसांत त्याला फारसे दिसत नसल्यामुळे तो दचकून तोंड मारू शकतो. तेव्हा त्याला हाताळू नये, आणि त्याने खाणे नाकारले, तर काळजी करू नये.

शेपटीची कडी मात्र तशीच ठेवून चालणार नाहीत. सुकलेले कडे आवळत जाते, रक्तपुरवठा तुटतो आणि टोक काळे पडून गळते. हवेसाठी भोके असलेल्या डब्यात कोमट पाण्यात भिजवलेला टॉवेल घालून सापाला अर्धा तास त्यात ठेवावे. टॉवेल हाताला जेमतेम उबदार, म्हणजे तीस अंशांच्या आत, असावा आणि आपण शेजारून हलू नये. मग दुसरा ओला टॉवेल मुठीत सैल धरून त्यातून सापाला स्वतःच्या चालीने सरकू द्यावे. बहुतेक तुकडे तिथेच राहतात. न राहिल्यास दुसऱ्या दिवशी पुन्हा करावे. सासूबाईंचा हेतू चांगला आहे, पण तेलाने हवा दमट होत नाही, उलट अंगाला कचरा चिकटतो. डोळ्यावरचा थर राहिलाच असेल, तर दमटपणा सुधारल्यावर तो पुढच्या कातीबरोबर बहुधा निघतो. त्याही वेळी न निघाल्यास, किंवा खवल्यांच्या फटींत हलणारे काळे ठिपके, म्हणजे माइट नावाचे रक्त पिणारे बारीक जीव, दिसल्यास सरपटणाऱ्या प्राण्यांवर उपचार करणाऱ्या पशुवैद्याकडे जावे.

प्रश्न : पुण्यात माझ्याकडे रीतसर नोंदणी केलेला कॉर्न स्नेक आहे. पावसाळ्यात हवा एवढी दमट असूनही मी मॉस रोज भिजवतो. कात उत्तम निघते, पण पोटाचे काही खवले तपकिरी झाले आहेत.

उत्तर : भिजवणे आजच थांबवावे. अमेरिकेच्या आग्नेय भागातल्या या सापाला एरवी चाळीस ते साठ टक्के आर्द्रता पुरते. जुलै-ऑगस्टात पुण्याची हवाच त्याहून अधिक देते. सतत ओल्या तळावर राहिल्याने पोटाचे खवले कुजू लागतात आणि पुढे त्यांवर फोड येतात. सापाला कोरड्या कागदावर ठेवावे, टाकीत हवा खेळती राहू द्यावी आणि आठवडाभरात डॉक्टरांना दाखवावे. फोड आधीच आले असतील, तर थांबू नये. मॉसचा डबा डोळे दुधी झाल्यावर आत ठेवून कात पडताच बाहेर काढला, तरी पुरे. एप्रिल-मे महिन्यांत मात्र तो आठवणीने भिजवावा, कारण पुण्यातला सापही त्याच दिवसांत तुकड्यातुकड्यांनी कात टाकतो.