‘दिवाळीच्या मुळा’ मधलं मूळ कोणतं?

प्रश्न असा आहे : तुकोबांच्या ‘भेटीलागी जीवा लागलीसे आस’ या अभंगात ‘दिवाळीच्या मुळा लेकी आसावली’ असा चरण आहे. त्याचा अर्थ ‘दिवाळीमुळे मुली आनंदल्या’ असा वाचायला मिळाला. तो बरोबर आहे का? शिवाय ‘आशा हे समूळ खाणोनी काढावी’ म्हणणारे तुकोबा इथे स्वतःच आस लावून कसे बसतात?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सरळ आहे. तो अर्थ चूक आहे, आणि एकाच चरणात तीनदा चूक आहे.

इथलं ‘मूळ’ म्हणजे झाडाचं मूळ नव्हे, कारणही नव्हे. सासरी असलेल्या मुलीला न्यायला माहेरहून जो माणूस येतो, किंवा जे बोलावणं येतं, ते मूळ. ‘मूळ धाडणे’, ‘मूळ येणे’ हे जुने वाक्प्रचार. न्यायला येणाऱ्याला मुराळी किंवा मुऱ्हाळी असंही म्हणतात. जुन्या कोशांत हा अर्थ नोंदलेला आहे. शहरी बोलीतून मात्र तो गेला, आणि म्हणूनच ‘मुळा’ दिसला की डोळ्यांपुढे ‘मुळे’ येतं.

व्याकरणही तेच सांगतं. मूळ या शब्दाचं सामान्यरूप ‘मुळा’, जसं फूल–फुला. जुन्या मराठीत असं रूप प्रत्ययाविनाच ‘-ला, -साठी’चं काम करतं : ‘आपुल्या गावा जातो’, ‘घरा आला’. म्हणून दिवाळीच्या मुळा म्हणजे दिवाळीला येणाऱ्या मुळासाठी. कारण सांगायचं असतं तर ‘मुळे’ आलं असतं.

दुसरी चूक अनेकवचनाची. ‘लेकी’ वाचून आज अनेकवचन वाटतं, पण क्रियापदं पाहा : आसावली, पाहतसे. दोन्ही एकवचनी. इथे एकच लेक आहे.

तिसरी चूक सगळ्यात मोठी, कारण तिने अभंगाचा भावच उलटतो. आसावणे म्हणजे आनंदणे नव्हे. आस लागून व्याकूळ होणे. अजून काहीच मिळालेलं नाही.

हे व्याकूळ होणं कळायला मुळाची रीत माहीत हवी. लहान वयात लग्न झालेली मुलगी, आणि तिने एकटीने उठून माहेरी जायची सोय नाही. माहेरून भाऊ, बाप किंवा विश्वासातलं कुणी यायला हवं, आलेल्याला सासरच्यांनी होकार द्यायला हवा, मगच पाठवणी. त्यात अडचणी काय कमी? सुगीत सासरी कामाला हात हवेत म्हणून ‘आता नको’ व्हायचं. माहेरी सुतक, आजारपण किंवा नुसतीच ओढाताण असली की मूळ निघायचंच नाही. आणि का निघालं नाही हे कळवणारंही कुणी नसायचं. सण ठरल्या तिथीला येणार हे पक्कं. माणूस येईल का, हे नाही. खानदेशात आखाजीला म्हणजे अक्षय्य तृतीयेला, इतरत्र नागपंचमीला नाही तर दिवाळीला, सासुरवाशिणींची नजर अशी रस्त्याला लागलेली असे. तिच्या हातात काय, तर वाटेकडे पाहणं. पण आपण कुठल्या घरच्या, याबद्दल तिच्या मनात शंका नसते. मूळ आलं नाही म्हणून माहेर खोटं ठरत नाही. वारकऱ्यांनी पंढरीला माहेर म्हटलं, त्यातला हा भाग प्रवचनांत फारच घाईने उरकला जातो.

आता चरण पुरा वाचा : ‘पाहतसे वाटुली पंढरीची’. दृष्टान्तातल्या लेकीने खरं तर माहेरची वाट पाहायची, पण ती पाहते पंढरीची. उपमा पुरी व्हायच्या आत बोलणाराच लेक होऊन गेला आहे. (‘वाटुली’ हे वाटेचं लाडिक रूप, आसावली–वाटुली हे यमकही त्याने जुळतं. या अभंगाच्या प्रत्येक कडव्यात चारपैकी दुसऱ्या आणि तिसऱ्या तुकड्याचं यमक शेवटपर्यंत आहे : जीवन–मन, करी–परि, भूक–मुख.)

तिन्ही दृष्टान्तांचा क्रमही पाहण्यासारखा आहे. चकोराला चंद्र हवा. तो पौर्णिमेला उगवणारच. लेकीला मूळ हवं. ते येईल किंवा नाही. भुकेल्या बाळाला तर दिवस-तिथीच कळत नाही, ते फक्त रडतं. म्हणजे खात्री कमी कमी होत जाते आणि निकड वाढत जाते. बाळाच्या ओळीतला ‘परि’ गाताना हमखास गिळला जातो, तो जपावा. ‘अति शोक करी, वाट पाहे परि माउलीची’ : रडतं खूप, पण वाट पाहतं ती आईचीच. दुसऱ्या कुणी उचलून घेतलं तरी ते शांत होत नाही. इथे निष्ठा म्हणजे गप्प बसणं नव्हे. शोक आणि विश्वास एकाच ओळीत राहतात, मधे फक्त एक ‘परि’. रिकाम्या दिवसांत देवापुढे कुरकुर केली की श्रद्धा उणी पडली असं समजणाऱ्यांना ही ओळ दाखवावी.

आशेचा प्रश्न उरला. ‘आस’ हा शब्द ‘आशा’वरूनच आलेला, त्यामुळे व्युत्पत्तीने दोघांत भेद दाखवता येत नाही. भेद वापरातला आहे. संतांच्या बोलण्यात नुसती ‘आशा’ आली की ती बहुधा देहाची, धनाची, लोकांकडून काही मिळण्याची. ती खणून काढायची. ‘आस’ मात्र भेटीची, चरणांची, पंढरीची. तिच्यात मागणं एकच : तू ये. आशेचं तसं नाही. एक पुरी झाली की दुसरी उभी. हा काटेकोर नियम नव्हे, गाथेत अपवाद सापडतील, पण या दोन अभंगांपुरता विरोध त्याने मिटतो.

म्हणताना : मोठ्या अभंगाचा साचा 6-6-6-4 अक्षरांचा. ‘दिवाळीच्या मुळा’ ही सहा अक्षरं एका दमात घ्या आणि तिथे थांबा. ‘मुळा लेकी’ असं जोडून गायलं की अर्थ सुटतो. पहिल्या कडव्यात काही ठिकाणी ‘रात्रंदिवस’, काही ठिकाणी ‘रात्रंदिस’ छापलेलं दिसतं. ‘दिस’ घेतलं तर सहा अक्षरं नेमकी भरतात, ‘दिवस’ घेतलं तर एक जास्त होतं. दोन्ही चालतं.

अजून एक. पहिल्या चारही कडव्यांत ‘वाट’ किंवा ‘वाटुली’ आहे, शेवटच्यात नाही. तिथे ‘धावूनि’ आलं आहे, आणि धावायचं आहे ते देवाने. लेकीला चालत जाता येत नाही, न्यायला यावं लागतं, हा मुळाचा अर्थ माहीत असेल तर तो शब्द तिथे का आला हे वेगळं सांगावं लागत नाही.

लिहिताना ‘आसावलेले डोळे’, ‘जीव आसावला’ असं बेलाशक वापरा. ‘बक्षीस मिळाल्याने ती आसावली’ असं मात्र लिहू नका. मिळाल्यावर आस उरत नाही.