आधी इंजिन की आधी ब्रेक?

प्रश्न: मी टेक्सासला असतो, 1965 ची शेवरोले सी-10 पिकअप घेतलीय. आम्ही चार मित्र शनिवार-रविवार तिच्यावर काम करतो. सगळे म्हणतायत आधी मोठं व्ही-8 इंजिन बसवू. बरोबर आहे का?

उत्तर: अहो थांबा जरा! मित्रांना इंजिनाचाच आवाज ऐकायचा असतो, पण या गाडीला चारही चाकांना ड्रम ब्रेक आणि मास्टर सिलिंडर (पेडल दाबलं की ब्रेकच्या तेलाला दाब देणारा भाग) एकाच सर्किटचा, म्हणजे एक पाइप फुटला की चारही ब्रेक गेले. त्यामुळे आधी डबल सर्किटचा सिलिंडर, पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक, मग खुशाल व्ही-8 टाका. दुसरं म्हणजे पेट्रोलची टाकी केबिनमध्ये सीटच्या मागेच आहे, म्हणजे तुमच्या पाठीशीच, ती मागे हौद्याखाली फ्रेमला बसवायचं किट मिळतं, ते घ्याच. हौदा बोल्टवर असतो, चौघं मिळून उचलता येतो, तेव्हा मित्रांना तिथे राबवा, आणि हौदा निघालाय तर फ्रेमचा गंजही बघून घ्या. आणि हो, काढलेले बोल्ट पिशव्यांत नाव लिहून ठेवा, चार जणांनी खोललेली गाडी जोडताना कुणालाच काही आठवत नाही 😄