कर्ज थकण्याचा अंदाज देणारे मॉडेल तपासायचे कसे? रँडम टेस्ट सेटवरचा एयूसी पुरेसा आहे का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: पाच वर्षांच्या किरकोळ कर्जखात्यांवर तुम्ही ग्रेडियंट बूस्टिंगचे (एकापाठोपाठ एक छोटे निर्णयवृक्ष जोडत आधीच्या चुका सुधारणाऱ्या पद्धतीचे) मॉडेल तयार केले. डेटामध्ये सुमारे ४ टक्के खाती थकलेली आहेत, ट्रेनिंगसाठी मात्र थकलेली आणि नियमित खाती समसमान घेतली. रँडम पद्धतीने बाजूला काढलेल्या २० टक्के खात्यांवर अचूकता ९३ टक्के आणि एयूसी (थकलेली आणि नियमित खाती वेगळी ओळखण्याच्या क्षमतेचे माप) ०.९४ आला. आता व्हॅलिडेशन, म्हणजे मॉडेल भरवशाचे आहे का याची तपासणी, झाले असे म्हणता येईल का, हे तुम्हाला जाणून घ्यायचे आहे. मी अशी मॉडेल्स तपासण्याचेच काम करतो, आणि माझ्या मते उत्तर ‘नाही’ असे आहे. ०.९४ हा आकडा पाहून मला समाधानापेक्षा शंकाच अधिक वाटते.

अचूकतेचा विचार सोडूनच द्या. जिथे १०० पैकी ४ खाती थकतात, तिथे ‘कुणीही थकवणार नाही’ असे डोळे मिटून सांगणारे मॉडेलसुद्धा ९६ टक्के अचूक ठरते, म्हणजे तुमच्या मॉडेलपेक्षा वरचढ. एयूसी हे त्याहून बरे माप आहे. एक थकलेले आणि एक नियमित खाते चिठ्ठी टाकून उचलले, तर मॉडेलने थकलेल्या खात्याला अधिक धोका दिलेला असण्याची शक्यता तो सांगतो. परंतु केवळ अर्जाच्या वेळी हाती असलेल्या माहितीवर ०.९० च्या पुढचा एयूसी मी क्वचितच पाहिला आहे, आणि जेव्हा पाहिला तेव्हा बहुतेक वेळा भविष्यातली माहिती कुठून तरी डेटामध्ये झिरपलेली आढळली.

म्हणून पहिले काम हे करा: प्रत्येक कॉलम समोर ठेवून, त्यातील नोंद कर्ज मंजूर होण्याच्या क्षणी खरोखर उपलब्ध होती का, हे तपासा. विलंब शुल्क किंवा वसुली विभागाने केलेले फोन असे कॉलम कुणाच्याही लगेच लक्षात येतात. खरा घोटाळा करतात ते निरुपद्रवी दिसणारे कॉलम, ज्यांतील मूळ नोंद पुसून तिच्या जागी ताजी नोंद लिहिली जाते. नोकरी, पत्ता, उत्पन्न ही त्याची नेहमीची उदाहरणे. मी तपासलेल्या एका मॉडेलमध्ये ‘पर्यायी फोन क्रमांक’ हा रकाना भरलेला आहे की रिकामा, एवढ्याच गोष्टीला विलक्षण वजन मिळाले होते. चौकशी केल्यावर कळले की हप्ते थकल्यानंतर कर्जदार पहिल्या क्रमांकावर सापडेना, की वसुली कर्मचारी दुसरा क्रमांक शोधून तिथे भरत असत. मॉडेलला थकबाकीचे भाकीत करता येत नव्हते. झालेली थकबाकी तेवढी ते ओळखत होते. असे कॉलम पकडण्यासाठी एकेका फीचरवर (मॉडेलला दिलेल्या कॉलमवर) स्वतंत्रपणे एयूसी काढून पाहावा, आणि एकटेच फीचर ०.८० च्या आसपास पोहोचत असेल तर त्याची नोंद कोण, केव्हा आणि कशासाठी करते, हे संबंधित विभागाला प्रत्यक्ष विचारावे.

दुसरी अडचण रँडम विभागणीची आहे. मॉडेल वापरले जाणार ते पुढे येणाऱ्या अर्जदारांवर. त्यामुळे जुन्या खात्यांवर शिकवून नंतरच्या काळातील खात्यांवर तपासणे हीच खरी परीक्षा ठरते. रँडम विभागणीत एकाच काळातील, कधी कधी एकाच कर्जदाराची दोन कर्जे दोन्ही बाजूंना जातात आणि निकाल फुगतो. इथे आणखी एक बारकावा आहे. डिफॉल्टची, म्हणजे खाते थकले असे कधी मानायचे याची, व्याख्या तुम्ही बासेल समितीच्या (बँकांसाठी आंतरराष्ट्रीय निकष ठरवणाऱ्या समितीच्या) धर्तीवर ९० दिवसांहून अधिक थकबाकी अशी घेतली असेल आणि निरीक्षणाचा काळ १२ महिन्यांचा असेल, तर डिसेंबर २०२१ मध्ये दिलेल्या कर्जाचा निकाल डिसेंबर २०२२ मध्ये कळतो. म्हणजे डिसेंबर २०२१ पर्यंतच्या कर्जांवर शिकलेले मॉडेल प्रत्यक्षात जानेवारी २०२३ च्या आधी अस्तित्वातच येऊ शकले नसते, म्हणून चाचणीसाठीही तिथून पुढची कर्जे घ्यावीत. तसेच चार महिन्यांपूर्वी दिलेले कर्ज अजून थकले नाही म्हणून त्याला ‘नियमित’ ठरवू नये. ज्या खात्यांचे १२ महिने पूर्ण झालेले नाहीत, ती सरळ वगळावीत.

एयूसी सांगताना त्याची अनिश्चितताही सांगा. चाचणीत एकूण खाती कितीही असोत, निर्णायक ठरते ती थकलेल्या खात्यांची संख्या. ४० थकलेली आणि ९६० नियमित खाती घेऊन ०.७५ एयूसी आला, तर ९५ टक्के विश्वासाची कक्षा, म्हणजे खरा एयूसी ज्या मर्यादांत असण्याची दाट शक्यता आहे ती, साधारण ०.६६ ते ०.८४ इतकी रुंद असते. अशा वेळी दोन मॉडेल्समधील ०.०१ च्या फरकावर वाद घालणे व्यर्थ आहे.

आता कॅलिब्रेशन, म्हणजे मॉडेलने सांगितलेली शक्यता प्रत्यक्ष प्रमाणाशी जुळते का, हे पाहणे. याच ठिकाणी तुमचे मॉडेल निश्चितपणे अडखळेल, असे मला वाटते. एयूसी फक्त क्रम पाहतो; सगळ्या शक्यता दुप्पट केल्या तरी तो तसूभरही हलत नाही. व्याजदर ठरवायचा असेल किंवा तोट्याची तरतूद करायची असेल, तर मात्र आकडाच बरोबर असावा लागतो. तुम्ही समसमान नमुन्यावर शिकवले असल्याने मॉडेलच्या दृष्टीने जगात निम्मे कर्जदार बुडवे आहेत. त्याने एखाद्याला ०.८० शक्यता दिली, तर अनुकूल-प्रतिकूल प्रमाण (थकण्याची शक्यता भागिले न थकण्याची शक्यता, इथे ०.८० भागिले ०.२०) ४ होते. त्याला खऱ्या प्रमाणाने, म्हणजे ०.०४ भागिले ०.९६ ने गुणले की सुमारे ०.१६७ उरते, आणि त्याची शक्यता साधारण १४ टक्के येते. ८० टक्के आणि १४ टक्के यांत किती अंतर आहे, ते तुम्हीच पाहा. ही दुरुस्ती केल्यानंतर खात्यांचे अंदाजानुसार दहा गट करून प्रत्येक गटात अपेक्षित आणि प्रत्यक्ष डिफॉल्ट शेजारी शेजारी मांडा. ३ टक्के अंदाजाच्या २,००० खात्यांत ६० डिफॉल्ट अपेक्षित असतील, तर निव्वळ योगायोगाने ४५ ते ७५ पर्यंतचा आकडा खपून जाईल. ही कक्षा खाती परस्परांपासून स्वतंत्र आहेत असे धरून काढलेली आहे. मंदीत सगळे एकदम अडचणीत येतात, त्यामुळे प्रत्यक्षात ती याहून रुंद असते आणि एका वाईट वर्षावरून मॉडेलला दोष देता येत नाही. एकच आकडा हवा असल्यास ब्रायर स्कोअर काढा, म्हणजे अंदाज आणि प्रत्यक्ष निकाल (थकले तर १, नाही तर ०) यांतील फरकांच्या वर्गांची सरासरी; ती जितकी लहान तितकी चांगली. ग्लेन ब्रायर यांनी १९५० मध्ये तो हवामानाच्या अंदाजांसाठी मांडला होता, आणि तो क्रम व पातळी दोन्ही जोखतो. दुर्मीळ घटनांमध्ये तो नेहमीच लहान दिसतो, म्हणून ‘सर्वांना ४ टक्के’ या अंदाजाच्या ०.०३८४ शी त्याची तुलना करा.

नाकारलेल्या अर्जदारांचा प्रश्न गणिताने पूर्ण सुटत नाही. ज्यांना कर्ज दिलेच नाही त्यांनी ते फेडले असते की नाही, हे डेटामध्ये नसते. त्यामुळे तुमचा निकाल केवळ मंजूर झालेल्यांपुरता आहे, हे अहवालात लिहाच. आतापर्यंत अर्ज मंजूर करण्यासाठी वापरलेल्या जुन्या स्कोअरशी तुलना करतानाही सावध राहा. त्याच स्कोअरने खालचे अर्जदार आधीच छाटलेले असल्याने उरलेल्यांमध्ये तो मुळात आहे त्याहून दुबळा भासतो आणि तुमचे मॉडेल उगाच उजवे ठरते.

याखेरीज त्याच फीचर्सवर साधे लॉजिस्टिक रिग्रेशन (प्रत्येक फीचरला ठरावीक वजन देऊन शक्यता काढणारे मॉडेल) चालवून पाहा. बूस्टिंगचा फायदा नगण्य असेल तर मी साधे मॉडेलच निवडेन, कारण अर्ज का नाकारला हे त्यातून समजावून सांगता येते. अर्जदारांचा चेहरामोहरा बदलतो आहे का, यासाठी पीएसआय (पॉप्युलेशन स्टॅबिलिटी इंडेक्स, म्हणजे आधीच्या आणि आताच्या अर्जदारांची विभागणी किती वेगळी आहे याचे माप) वापरतात. ०.१० च्या आत स्थिर आणि ०.२५ च्या वर मोठा बदल, हे निव्वळ रूढ संकेत आहेत. पीएसआय वाढला म्हणजे मॉडेल चुकले असे नाही, आणि न वाढताही ते चुकू शकते.

मॉडेल वापरात आल्यावर १२ महिने निकालाची वाट पाहत बसू नका. पहिल्या तीन-चार महिन्यांत ३० दिवसांहून अधिक थकलेल्या खात्यांचे प्रमाण स्कोअरच्या गटांनुसार आणि मंजुरीच्या महिन्यानुसार काढत राहा, व तेच प्रमाण जुन्या कर्जांमध्ये त्याच वयाला किती होते याच्याशी ताडून पाहा. गटांचा क्रम उलटसुलट दिसू लागला, तर आधी डेटा भरण्याची पद्धत मध्येच बदलली आहे का, याची चौकशी करा आणि मगच मॉडेलकडे वळा.