विद्युतवाहक फॉस्फरवर पीएच.डी. करावी का?

भौतिकशास्त्रातील एम.एस्सी.नंतर पांढरा प्रकाश देणाऱ्या विद्युतवाहक फॉस्फरवर (ऊर्जा शोषून प्रकाश देणाऱ्या पदार्थावर) पीएच.डी. करण्याची संधी तुमच्यासमोर आहे. मात्र ज्या फील्ड एमिशन डिस्प्लेसाठी (इलेक्ट्रॉनांच्या माऱ्याने फॉस्फर उजळवणाऱ्या सपाट पडद्यासाठी) असे पदार्थ शोधले जात होते, तो डिस्प्लेच बाजारात रुजला नाही, मग ही वर्षे त्यात घालवावीत का, असे तुम्ही विचारले आहे.

शंका रास्त आहे. पडद्यांची ती स्पर्धा एलसीडी आणि ओएलईडी यांनी जिंकली, आणि मार्गदर्शक आजही केवळ त्या डिस्प्लेच्या भरवशावर प्रकल्प मांडत असतील, तर सावध राहावे. मूळ प्रश्न मात्र त्या उपकरणाबरोबर संपलेला नाही. कमी व्होल्टेजवर इलेक्ट्रॉनांचा मारा झाला की विद्युतरोधक फॉस्फरच्या पृष्ठभागावर ऋणभार साचतो, तो पुढच्या इलेक्ट्रॉनांना परतवतो आणि चमक घटते. म्हणूनच व्हॅक्यूम फ्लुओरेसंट डिस्प्लेमध्ये (कमी व्होल्टेजवर चालणाऱ्या, आकडे-अक्षरे दाखवणाऱ्या निर्वात पडद्यामध्ये) झिंक ऑक्साइडचा, स्वतःच वीज वाहणारा निळसर-हिरवा फॉस्फर रुळला. इतर फॉस्फरमध्ये इंडियम ऑक्साइडची पूड मिसळण्याचा उपायही झाला, पण ती पूड प्रकाशात भर घालत नाही. वाहकतेसाठी मुक्त इलेक्ट्रॉन वाढवावेत, तर तेच उत्तेजित केंद्राची (प्रकाश देण्याच्या बेतात असलेल्या अणूची) ऊर्जा प्रकाशाऐवजी उष्णतेत घालवू शकतात. त्यात पांढरा प्रकाश एकाच पदार्थातून हवा असेल, तर निदान दोन रंगांचा तोल साधावा लागतो; डिस्प्रोशियम (एक दुर्मिळ मृदा मूलद्रव्य) सुमारे 480 नॅनोमीटरला निळा व 575 नॅनोमीटरला पिवळा प्रकाश देतो खरा, पण लाल भाग तोकडा पडतो.

या ओढाताणीवर काम करणारा विद्यार्थी डोपिंग (पदार्थात दुसरे मूलद्रव्य अल्प प्रमाणात मिसळणे), स्फटिकातील दोष आणि वाहकतेचे मापन शिकतो; ही कौशल्ये एलईडीचे फॉस्फर, पारदर्शक वाहक थर आणि सेमीकंडक्टर उद्योगातही उपयोगी पडतात. (रसायनशास्त्राची भीती असल्यास ती आताच घालवावी, कारण बराच वेळ खल आणि भट्टी यांच्यातच जातो.)

परंतु दर वेळी नवा डोपंट घालून भट्टीत भाजायचे, एक्स-रे डिफ्रॅक्शनचा (स्फटिकरचना तपासणाऱ्या चाचणीचा) आलेख काढायचा आणि शोधनिबंध लिहायचा, अशा साच्यातले प्रबंध या क्षेत्रात बरेच आढळतात. म्हणून होकार देण्यापूर्वी वाहकता आणि चमक एकाच नमुन्यावर मोजली जाणार का, तसेच इलेक्ट्रॉनांच्या माऱ्याखालील प्रकाश मोजण्याची सोय आहे का, हे स्पष्ट विचारावे. उत्तर केवळ अतिनील प्रकाशाखाली घेतलेल्या स्पेक्ट्रमपाशी थांबत असेल, तर दुसरा संशोधन गट शोधणे मला अधिक योग्य वाटते.