जेस गुडविनसारखा मिनिएचर (टेबलावरच्या युद्धखेळातल्या छोट्या मूर्ती) डिझायनर निवृत्त झाला की त्याच्या मूर्ती बाजारातून जातात का?

नाही, निवृत्तीमुळे काहीच बंद होत नाही. गेम्स वर्कशॉपसारख्या कंपनीत (वॉरहॅमर हा युद्धखेळ आणि त्याच्या मूर्ती काढणारी, गुडविनचीच कंपनी) शिल्पकार पगारी नोकर असतो, त्यामुळे डिझाइनचे हक्क आणि साचे दोन्ही कंपनीचेच. वॉरहॅमरच्या मूर्ती बरीच वर्षं रंगवत आल्यामुळे हे जवळून पाहिलं आहे. गुडविनने ठरवलेली एल्डार (वॉरहॅमरमधली एल्फसारखी परग्रही जमात) सैनिकांची ठेवण, म्हणजे लांबुळकी शिरस्त्राणं आणि सडपातळ, चपळ अंगयष्टी, नंतरचे शिल्पकारही पाळतात. हाउलिंग बॅन्शी हे एल्डारांचं पथक १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला धातूत आलं. २०१९ मध्ये प्लास्टिकमध्ये नव्याने घडवलं, तरी लांबून बघितलं तर तेच वाटतं.

मूर्ती जाते ती वेगळ्याच कारणाने. धातूच्या मूर्ती रबराच्या साच्यात ओततात आणि तो साचा झिजतो. प्लास्टिकच्या मूर्तींसाठी धातूचा साचा असतो, तो कितीतरी जास्त टिकतो. म्हणून नवी प्लास्टिक आवृत्ती आली की जुनी धातूची गुपचूप यादीतून गळते. मूळ हातची घडणच हवी असेल तर धातूची मूर्ती यादीत असतानाच घ्या, नंतर जुन्या बाजारात लोक वाट्टेल तो भाव सांगतात.

एक अपवाद: शिल्पकाराची स्वतःची कंपनी असेल, तर हे सगळं लागू नाही. ॲलन आणि मायकेल पेरी या जुळ्या भावांनी २००१ मध्ये पेरी मिनिएचर्स काढली. तिथे मूर्ती चालू ठेवायच्या की नाही, हे तेच ठरवतात.