बालवाडीतल्या ताईंच्या वर्गात बसून निरीक्षण कसं करावं आणि नंतर त्यांच्याशी काय बोलावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही मोठ्या गटाला शिकवत होता, आता संस्थेने तीन बालवाड्यांचं समन्वयाचं काम दिलंय. अकरा ताई आहेत. तुम्ही वर्गात जाऊन बसलात की त्या अवघडतात, मुलांना पाठ असलेली गाणी म्हणायला लावतात. नंतर सूचना दिल्या की "हो मॅडम" म्हणतात, पण पुढच्या खेपेला वर्ग होता तसाच. शिवाय एका ज्येष्ठ ताईंनी "वीस वर्षं मुलं सांभाळतेय, मला काय सांगता" असं तोंडावर ऐकवलं. निरीक्षणाचे तयार तक्ते वापरावेत का, हेही तुम्ही विचारलंय.

अंगणवाड्या आणि बालवाड्यांतल्या ताईंसोबत मी बरीच वर्षं हेच काम करते आहे. माझं सांगणं एवढंच: वर्गात बसल्यावर ताईंना तपासू नका, मुलांकडे बघा. मुलं काय करतात, काय बोलतात ते जसंच्या तसं लिहा आणि ते ताईंसमोर ठेवा. "तुम्ही असं करायला हवं होतं" हे वाक्य ताईंनी पुष्कळदा ऐकलेलं असतं. आपल्या वर्गातलं एखादं मूल मागच्या रांगेत बसून काय म्हणालं, हे मात्र त्यांना कुणी सांगितलेलं नसतं.

"हो मॅडम" कुठून येतं तेही समजून घ्या. आपल्याकडे वही घेऊन वर्गात येणारं माणूस म्हणजे तपासणी. अंगणवाडीत मुख्य सेविका, म्हणजे पर्यवेक्षिका, येतात तेव्हा त्यांना हजेरी, वजनांच्या नोंदी, आहार, पोषण ट्रॅकर या सरकारी ॲपमधल्या नोंदी असं सगळं पाहायचं असतं, आणि अशा वीस-पंचवीस अंगणवाड्या त्यांच्याकडे असतात. मुलांचा खेळ अर्धा तास बघत बसायला वेळ उरत नाही, भेटवहीत शेरा लिहून त्या पुढे जातात. खासगी बालवाडीत हेच मुख्याध्यापिका किंवा संचालक करतात. त्यामुळे कुणी आलं की चांगलं तेवढं दाखवायचं, ही ताईंची सवय झालेली असते.

खरं तर निरीक्षणाचा वारसा आपल्याकडे मोठा आहे. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक यांनी गुजरातमधल्या भावनगरला गिजुभाई बधेका यांच्यासोबत माँटेसोरी पद्धतीवर काम केलं, १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ उभा राहिला, आणि पुढे १९४५ पासून बोर्डीत व नंतर कोसबाडला अनुताई वाघ यांच्या साथीने ते काम आदिवासी मुलांपर्यंत गेलं. मूल काय करतं ते आधी पाहायचं आणि मग आपण काय करायचं ते ठरवायचं, हा त्या कामाचा गाभा. वस्तीतली मुलं बालवाडीत येत नाहीत हे दिसलं, तेव्हा त्यांनी बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. तिथूनच अंगणवाडीची कल्पना आली.

आता प्रत्यक्ष काय करायचं ते.

जाण्याआधी ताईंना विचारा, "उद्या मी तुमच्या वर्गात काय बघू?" पहिल्यांदा "तुम्हाला हवं ते बघा" असंच उत्तर येईल. पुन्हा विचारा. हळूहळू "तो एक मुलगा कशातच बसत नाही, त्याच्याकडे बघाल का?" असं काहीतरी येतं, आणि तिथून खरं काम सुरू होतं. वहीत लिहिलेलं कोण वाचणार, हेही आधीच सांगा. तुम्हालाच वर्षाअखेर त्यांच्या कामाचा अहवाल द्यायचा असेल, तर त्याची वही वेगळी ठेवा आणि तसं सांगून टाका. पगारवाढीशी जोडलेल्या वहीसमोर कुणीही मोकळेपणाने काही नवं करून बघणार नाही.

वर्गात खुर्ची मागू नका, सतरंजीवर बाजूला बसा, जिथून मुलांचे चेहरे दिसतील. एखादा उपक्रम सुरू झाल्यापासून संपेपर्यंत थांबा. आणि दोन उपक्रमांच्या मधला वेळही सोडू नका: हात धुणं, रांग लावणं, डबे उघडणं. किती मुलं नुसती "हाताची घडी, तोंडावर बोट" करून बसलेली असतात ते तिथेच कळतं.

वहीच्या पानावर मधोमध रेघ मारा. डावीकडे ताईंचे शब्द, उजवीकडे मुलांचे शब्द आणि कृती. "वातावरण आनंदी होतं", "मुलं रमली होती" असली वाक्यं लिहूच नका, त्यांवर बोलण्यासारखं काही नसतं. काय लिहायचं ते कळावं म्हणून एका छोट्या गटातलं पान सांगते. ताई चिमणी-कावळ्याची गोष्ट सांगत होत्या.

डावीकडे: "कावळ्याचं घर कशाचं?" उजवीकडे: सगळे, शेणाचं! डावीकडे: "चिमणीचं?" उजवीकडे: सगळे, मेणाचं! पुढे कावळा दार वाजवतो, चिमणी म्हणते थांब, माझ्या बाळाला अंघोळ घालते. इथे उजवीकडे: मागे बसलेली मुलगी हळूच, "तो भिजतोय ना बाहेर." डावीकडे: "गडबड नको, ऐका पुढे."

मुलं गेल्यावर मी ते पान ताईंना वाचून दाखवलं. छान म्हटलं नाही, चुकलं म्हटलं नाही. वाचून झाल्यावर विचारलं, "यात तुम्हाला काय दिसतं?" आणि गप्प राहिले. ताईंनी वही हातात घेऊन ती ओळ पुन्हा वाचली. "ती असं म्हणाली? मला ऐकूच आलं नाही." मग त्यांनीच मोजलं: गोष्टीत विचारलेल्या सगळ्या प्रश्नांची उत्तरं मुलांना आधीच पाठ होती. विचार करावा लागेल असा एकही प्रश्न नव्हता, आणि आपणहून विचार केलेल्या मुलीला गप्प केलं गेलं होतं. हे मी सांगितलं असतं तर ताईंना लागलं असतं. त्यांचं त्यांना दिसल्यामुळे पुढचं बोलणं सोपं झालं.

आम्ही एकच गोष्ट ठरवली. पुढच्या गोष्टीत एक प्रश्न असा विचारायचा की ज्याचं उत्तर ताईंनाही माहीत नाही, आणि विचारल्यावर मनातल्या मनात तीन आकडे मोजून थांबायचं. त्या थांबण्याला आधार आहे. मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेने १९७० च्या दशकात वर्गांतली संभाषणं तपासली, तेव्हा प्रश्न विचारल्यावर शिक्षक साधारण एकच सेकंद थांबतात असं तिला आढळलं. तीन सेकंद थांबलं की उत्तरं लांबतात आणि एरवी न बोलणारी मुलंही बोलतात. पुढच्या भेटीत ताईंनी विचारलं, "तुम्ही चिमणी असता तर काय केलं असतं?" शांतता. ताईंचे ओठ पुटपुटत होते, एक, दोन, तीन. मग एक मुलगा म्हणाला, "मी विचारलं असतं, पाय पुसलेस का?" आणि त्यानंतर मुलं थांबेचनात. चिखल, टॉवेल, बाळाला सर्दी, सगळं त्या गोष्टीत आलं.

एका भेटीत एकच गोष्ट, यावर मी ठाम आहे. तुम्हाला दहा गोष्टी दिसतील, नऊ स्वतःजवळ ठेवा. आणि ती एक गोष्ट शक्यतो ताईंनी निवडलेली, ताईंच्या शब्दांत त्यांच्या वहीत लिहिलेली असावी. त्याच दिवशी बोला, पंधरा-वीस मिनिटं पुरतात. चार दिवसांनी बोलायला बसलात तर दोघींच्याही डोळ्यांसमोरचा वर्ग पुसट झालेला असतो. "छान झालं, पण..." ही सुरुवात टाळा, कारण ताई ते "छान" ऐकतच नाहीत, "पण" कधी येतो याची वाट बघतात. कौतुक करायचं तर नेमकं करा: "तो रडत होता तेव्हा तुम्ही त्याच्या उंचीला खाली बसलात, तो लगेच शांत झाला."

मात्र नव्या ताईंना सारखं "तुम्हाला काय वाटतं?" विचारत बसू नका. पहिल्या वर्षाच्या ताईंना रांग कशी सोडायची हेच माहीत नसेल तर सरळ करून दाखवा. तुम्ही वर्ग घ्या, त्यांना वही द्या, तुमच्याबद्दल लिहू द्या. याने नातंही बदलतं. आणि मुलाला मारणं, अंधाऱ्या खोलीची भीती घालणं, डबा काढून घेणं असं काही दिसलं तर तिथे निरीक्षण थांबवा, मुलाजवळ जा, आणि नंतर संस्थेला कळवा. ती गोष्ट चर्चेने हळूहळू सुधारायची नसते.

तयार तक्त्यांबद्दल विचारलंत. हार्म्स आणि क्लिफर्ड यांची १९८० मधली इसर्स (ECERS) ही बालवाडीच्या वर्गाची गुणवत्ता मोजणारी मोजपट्टी किंवा अमेरिकन संशोधक पियांटा यांचं क्लास (CLASS) हे शिक्षिका आणि मुलांमधला संवाद पाहणारं साधन जरूर वाचा, त्यांनी नजर तयार होते. क्लासमध्ये भावनिक आधार, वर्गाची मांडणी आणि शिकण्याला मिळणारी मदत असे तीन भाग आहेत, आणि तिसऱ्या भागाकडे आपलं लक्ष सर्वांत कमी जातं. पण ती गुण देण्याची साधनं आहेत. ताईंसमोर गुणांचा कागद ठेवलात की पुन्हा तपासणीच सुरू. त्यापेक्षा पियांटा यांच्याच व्हर्जिनिया विद्यापीठातल्या कामातून घेण्यासारखं आहे ते असं: वर्गाच्या चित्रीकरणातला छोटा तुकडा निवडायचा आणि शिक्षिकेने तो स्वतः बघून त्यावर बोलायचं. फोनवर हे जमतं. फक्त पालकांची परवानगी घ्या, आणि बघून झालं की तो व्हिडिओ पुसून टाका.

अकरा जणींकडे महिन्यातून एकदा जाण्यापेक्षा तिघी-चौघी निवडा, त्यांच्याकडे दर आठवड्याला जा, दोन-तीन महिन्यांनी पुढच्या निवडा. महिन्याभराने गेलात तर ठरवलेली एक गोष्ट विसरून जाते, आणि तुम्ही पुन्हा पाहुण्या होता.

आणखी एक. जे दिसतं ते सगळं ताईंच्या हातातलं नसतं. एका बालवाडीत ठोकळे आणि कोडी कायम कपाटात कुलूपबंद होती. ताईंना खेळाचं महत्त्व पटत नाही असा सगळ्यांचा समज. विचारल्यावर कळलं, तुकडा हरवला तर भरपाई ताईंच्या पगारातून होत होती. अशा वेळी ताईंना प्रशिक्षण देण्यात काय अर्थ? संस्थेकडे जाऊन तो नियम बदलून घेणं हे तुमचं काम. तीन वर्षांच्या मुलांच्या हातात पेन्सिल आणि कार्यपुस्तिका देण्याचंही तसंच आहे. ताईंना ते नको असतं, पण पालक घरी वही बघतात. पालकसभेत तुम्ही उभ्या राहा, ताईंना एकटं पाडू नका.

राहिल्या ज्येष्ठ ताई. त्यांच्याकडे सर्वांत आधी जा, आणि जूनमध्येच जा, नवी मुलं दारात आईला सोडत नाहीत तेव्हा. वीस वर्षांचा अनुभव त्या दिवसांत उघड दिसतो: कुणाला कडेवर घ्यायचं, कुणाला पाण्याच्या टबाशी न्यायचं, कुणाला नुसतं दारात बसू द्यायचं. ते सगळं लिहा आणि त्यांना वाचून दाखवा. मग विचारा, नव्या ताईंपैकी एकीला तुमच्या वर्गात बघायला पाठवू का? त्या हो म्हणाल्या तर तुमची पहिली जोडी तयार झाली. नाही म्हणाल्या तर आग्रह करू नका, पुढच्या आठवड्यात पुन्हा वही घेऊन जा.